येळवस आणि वरची कवळी

कमलनगरच्या अच्युतरावांची वरची कवळी ‘ओ’ म्हटलं की खाली उतरायची. ‘अ’ला काही व्हायचं नाही. ‘ई’ला तर ती खालच्या कवळीवर अशी शिस्तीत बसायची, की बघणाऱ्याला वाटावं, सत्तरीतही काय दंतपंक्ती आहे! पण ‘ओ’ला तोंड गोल झालं की कवळीचा टाळूशी असलेला संबंध संपायचा आणि वरचे सगळे दात मिळून जिभेवर येऊन बसायचे. त्यामुळे दारात कुणी हाक मारली तर अच्युतराव ‘ओ’ देत नसत, ‘आलो’ही म्हणत नसत. नुसतं खाकरत. ज्या माणसाच्या एका हाकेसरशी अख्खी शाळा ओळीत उभी राहायची, त्याच्यावर आता दारात खाकरायची पाळी आली होती.

आणि यंदा येळवशीला ओलगे त्यांनाच म्हणायची होती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. शेतात कडब्याची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असा नैवेद्य दाखवायचा. मग घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषानं आंबिलीचं गाडगं घेऊन खोपीला फेरी घालायची, पिकावर आंबील शिंपडायची आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं, ‘ओलगे ओलगे!’ मागच्यांनी म्हणायचं, ‘सालम पलगे!’ याचा अर्थ विचारू नये. अच्युतरावांनी नोकरीत असताना तो शोधून पाहिला होता. चार जाणकारांकडून पाच अर्थ मिळाल्यावर त्यांनी तो नाद सोडला.

इतकी वर्षं ओलगे त्यांचे थोरले बंधू म्हणत. दातांनिशी म्हणत. ते उन्हाळ्यात गेले आणि गाडगं अच्युतरावांच्या हाती आलं. शेत करणारा हावगेप्पा दिवाळीतच बजावून गेला, “मालक, आवाज बांधापत्तूर जायला पायजे बरं का. थोरल्या मालकाचा जायचा. न्हाईतर पीक रुसतंय.”

पीक रुसलं असतं तरी अच्युतरावांनी ते कसंबसं सोसलं असतं. पण यंदा येळवशीला व्यासराव यायचे होते.

व्यासराव कलबुर्गीचे. पाणीपुरवठ्यात इंजिनियर होते, आता निवृत्त. त्यांचा प्रणेश आणि अच्युतरावांची सुकन्या एकाच कॉलेजात शिकवायला होती आणि दोघांनी आपापसांत सगळं ठरवून मग आईबापांना ठरवायला सांगितलं होतं. व्यासराव पहिल्यांदा घरी आले ते भिंतीसारखे ताठ. खुर्चीत बसले, अच्युतरावांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “दात आपलेच का?”

आता यावर खरं सांगून मोकळं व्हायला काय हरकत होती? पण सोयरिकीच्या पहिल्याच बैठकीत माणूस आपल्या मुलीचं वय आणि आपले दात खरे सांगत नाही. अच्युतराव म्हणाले, “लिंबाची काडी. लहानपणापासून.”

“बाभळीची,” व्यासराव स्वतःकडे बोट दाखवून म्हणाले आणि पुढे काही बोललेच नाहीत.

एवढंच नव्हे, तर त्यांनी चिवड्याला हात लावला नाही. शेंगदाण्याचा लाडू बशीत इकडून तिकडे केला आणि तसाच ठेवला. चहा तेवढा घेतला. निघताना, “येळवशीला शेतावर येतो. मग काय ते सांगतो,” म्हणाले आणि गेले. त्या न खाल्लेल्या लाडवानं घराची झोप उडाली. “त्यांना आपलं घर पसंत न्हाई,” अच्युतरावांच्या पत्नी शारदाबाई म्हणाल्या. सुकन्यानं तो लाडू उचलून ज्या तऱ्हेनं डब्यात टाकला, ते अच्युतरावांना बघवलं नाही. त्यांना एकच दिसत होतं. भर शेतात आपण तोंड उघडलं आहे, ‘ओ’ आला आहे, पाठोपाठ कवळी आली आहे, आणि काळ्या मातीत पडलेल्या दातांकडे बघून व्यासराव म्हणताहेत, “लिंबाची काडी काय? ज्या घरात दातसुद्धा खोटे, त्या घरात मुलगा द्यायचा?” मुलगा देत नसतात, मुलगी देतात, हे सुधारण्याचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

तेव्हा कवळी घट्ट करून घ्यायची असं ठरलं. काम एवढंसंच होतं.

भालकीला दातांची डॉक्टर होती मल्लेश्वरी. अच्युतरावांची विद्यार्थिनी. वर्गात बोलते म्हणून तिला त्यांनी कितीदा बाहेर उभं केलं होतं, ते दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांना आठवायला लागलं. आत दोन चिमटे आणि एक फिरतं यंत्र दिसत होतं.

“या सर. शाळेत तुमी म्हणायचे, मल्लेश्वरी तोंड बंद. आता तुमी उघडा,” ती हसून म्हणाली. “कवळी कुठं हाय?”

अच्युतरावांनी ती खिशातून, रुमालातून काढली. फार टोचत होती म्हणून त्यांनी ती घालणं कालपासूनच बंद केलं होतं.

“अवो सर, घालून यायचं आसतंय! कुठं टोचायलीय ते हिरडीवर दिसल्याबिगर मी कुठं घासू?” मग तिनं आत पाहिलं आणि तिचा आवाज थेट त्यांच्याच जुन्या आवाजासारखा झाला. “रात्री काढून पाण्यात ठेवता का?”

अच्युतरावांनी मान खाली घातली. ठेवत नव्हते. रात्री चोर आला तर त्याच्यासमोर बोळक्या तोंडानं कसं उठायचं, ही त्यांची अडचण होती. ती डॉक्टरला सांगण्यासारखी नव्हती.

“बगा सर,” मल्लेश्वरी म्हणाली, “दात गेले की हिरडीखालचं हाड दरसाल झिजतंय. कवळी हाय तेवढीच ऱ्हाती. मग ढिली व्हणार न्हाई तर काय? तिला आतून नवा थर देऊ, चांगली बसंल. पण आत्ता माप घेता येत न्हाई. हिरडी सुजलीय. सुजलेल्या हिरडीचं माप म्हंजे चुकीचं माप. कवळी काढून ठेवा, मऊ खावा, मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरा. सूज उतरली की या. आन् सर, घरी कानस-बिनस लावायची न्हाई.”

ही शेवटची सूचना तिनं का दिली, हे अच्युतरावांना तेव्हा कळलं नाही.

त्यांनी हिरडीचा विसावा सुरू केला. तोंडावर उपरणं धरून घरात फिरायचं, भाकरी दुधात कुस्करून खायची, कुणी आलं की आजारी आहोत असं दाखवायचं. हिरडी निवायला लागली होती. तेवढ्यात पेन्शनचा हयातीचा दाखला आडवा आला. पूर्वी सही चालायची. आता मोबाइलसमोर तोंड धरायचं आणि आपण जिवंत आहोत की नाही ते मोबाइलनं ठरवायचं. मुदत संपत आली होती. अच्युतराव बँकेत गेले. खिडकीतल्या शिवगंगाबाईंनी त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरला, फिरवला, पुसला, परत धरला.

“सर, ह्ये तुमी न्हाई म्हनायलंय.”

“मग कोण आहे?”

“ते सांगत न्हाई. तुमी न्हाई एवढंच सांगायलंय. गाल आत गेलेत की ओ सर तुमचे! फोटूत भरलेले हायत.”

मागच्या रांगेत सगळे ओळखीचे. त्यांच्यादेखत आपण आपण नाही असं ठरणं, आणि तेही सरकारी खर्चानं, हा अपमान मोठा होता. पण भीती त्याहून मोठी होती: पेन्शन गेली तर लग्न कशानं करायचं? ते धावत घरी आले, कवळी सुजलेल्या हिरडीवर दाबून बसवली, डोळ्यांत पाणी घेऊन परत गेले आणि मोबाइलसमोर हसले. मोबाइलनं त्यांना जिवंत ठरवलं. हिरडीची मात्र होती नव्हती ती सुधारणा त्या हास्यात गेली.

भालकीला परत जायची आता हिंमत नव्हती. मल्लेश्वरीनं बाहेर उभं केलं असतं. मग शेजारचे गुरुपादय्या मदतीला धावले. गुरुपादय्यांचं किराणा दुकान, आणि दुकानात नसलेली एकच वस्तू म्हणजे ‘मला माहीत नाही’. ते मराठीत सल्ला देत आणि कन्नडात त्याची हमी देत.

“सर, टोचायलंय तिथं जरा घासायचं. डाक्टर तरी दुसरं काय करत्यात?”

“ती नको म्हणाली आहे.”

“नको म्हननारच की! तुमी घासलं तर तिनं काय घासावं?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. कानस आली. टोचणं खरंच थांबलं. पण घासलेल्या बाजूनं आता हवा आत शिरायला लागली आणि ‘ओ’ला उतरणारी कवळी ‘अ’लाही उतरायला लागली. अच्युतराव न्हाणीघरात हनुवटीखाली टॉवेल धरून सराव करत. ‘ओल्—’ झालं की टॉवेलात पडे. परत घालायची, परत ‘ओल्—’. शारदाबाई बाहेरून विचारत, “अहो, उलटी व्हायलीय का?”

येळवस तोंडावर आली तसा गुरुपादय्यांनी औषधाच्या दुकानातून चिकटवायचा मलम आणून दिला. दुकानदार अमरनाथनं सांगितलं होतं, धुतलेल्या कवळीला आतून वाटाण्याएवढे ठिपके लावायचे, जास्त न्हाई. अच्युतरावांनी तसं केलं. बसली! पण ‘ओलगे’ म्हणून पाहिलं तर एक ‘ओलगे’ निघाली आणि दुसऱ्या ‘ओलगे’ला कवळी हलली. ओलगे दोनदा म्हणायची असते.

“डिंक,” गुरुपादय्या म्हणाले.

“डिंक?”

“थंडीचे लाडू करायल्यात न्हवं अक्का? त्यातला घ्यायचा. खायचाच पदार्थ हाय, पोटात गेला तर ताकदच येती. मलम खाली, डिंक वर. मग सर, तुमी ओलगे म्हना न्हाईतर वाघासारखी डरकाळी फोडा. दात निघाले तर माझं नाव गुरुपादय्या न्हाई.”

दात निघाले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. गुरुपादय्यांचं नाव गुरुपादय्याच राहिलं.

येळवशीच्या सकाळी अच्युतरावांनी लाडवांच्या डब्यातून डिंक चोरला, कुटला, मलमावर थापला, वर आणि खालीही, आणि कवळ्या बसवून जीपमध्ये बसले. शारदाबाई आणि सुकन्या मागे भज्जीचं पातेलं आणि आंबिलीची गाडगी सांभाळत होत्या. रस्ता खड्ड्यांचा. दर खड्ड्याला अच्युतरावांच्या मनात येई, आता निसटली. म्हणून त्यांनी शेत येईपर्यंत दात दातांवर दाबून धरले. डिंक ओला झाला की फुगतो, हे लाडू खाणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं. तो फुगला, कडेनं बाहेर आला, फटींतून झिरपला आणि खाली-वर एक करून बसला.

हे त्यांना शेतात उतरल्यावर कळलं. व्यासराव, त्यांची पत्नी नेत्रावतीबाई आणि प्रणेश आधीच आले होते. अच्युतराव हात जोडून पुढे झाले. “या” म्हणायला गेले आणि तोंड उघडलंच नाही.

“म्म,” अच्युतराव म्हणाले.

“हं,” व्यासराव म्हणाले.

दोघे खोपीपुढे घोंगडीवर शेजारी बसले. म्म आणि हं, यापलीकडे काही निघेना. अच्युतरावांच्या कपाळावर थंडीत घाम आला होता. जबडा आतून कुणी शिवून टाकल्यासारखा झाला होता. त्यांना वाटलं, हा आता कधीच उघडणार नाही. आपण उपाशी मरणार, आणि त्याआधी सोयरीक मोडणार. व्यासरावही पुढे बघत ताठ बसले होते, ओठ मिटून. शारदाबाईंनी धपाटा पुढे केला, त्यांनी मान हलवली. खारे शेंगदाणे पुढे केले, त्यांनी मान हलवली. सुकन्यानं प्रणेशकडे पाहिलं, प्रणेशनं मातीकडे पाहिलं. “ह्यांचं कायतरी बिनसलंय,” हावगेप्पा बायकोच्या कानात म्हणाला, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

पूजा झाली. हावगेप्पानं आंबिलीचं गाडगं अच्युतरावांच्या हातात दिलं, शिंपडायला ज्वारीचं ताट, म्हणजे एक धाट, दिलं. “हां मालक. बांधापत्तूर!”

अच्युतराव निघाले. पाठीशी पाहुणे म्हणून व्यासराव, त्यांच्यामागे हावगेप्पा आणि आजूबाजूच्या शेतांतली माणसं. ताट गाडग्यात बुडवलं, ज्वारीवर शिंपडलं. सगळे थांबले.

“म्म्म,” अच्युतराव म्हणाले.

“काय?” मागून कुणीतरी विचारलं.

त्यांनी सगळा जोर लावला. कानशिलं तापली, डोळ्यांसमोर अंधारी आली. थोरले बंधू आठवले. शिवारभर पोचणारा तो आवाज आठवला. “म्म्म्!” खोपीच्या कोपऱ्यावर ते उभे राहिले आणि आजूबाजूच्या सगळ्या शेतांतून ओलगे ऐकू यायला लागली. फक्त त्यांच्याच शेतात शांतता होती. “आसं कधी झालं न्हाई ओ,” हावगेप्पा म्हणाला. अच्युतरावांनी असहाय होऊन मागे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

व्यासरावांनी ते डोळे पाहिले. निर्णा गावी त्यांच्या आजोबांचं शेत होतं, लहानपणी गाडग्यामागे तेही पळालेले होते. काय वाटलं त्यांना कोण जाणे. त्यांनी छाती भरून घेतली, मिटलेलं तोंड उघडलं, मान पुढे केली आणि ओरडले,

“ओलगे ओलगे!”

आवाज बांधापर्यंत गेला. दात गाडग्यात गेले. डुबुक.

“सालम पलगे!” मागचे खुशीत ओरडले. त्यांना पुढे काय झालं ते दिसलंच नव्हतं. दिसलं ते फक्त अच्युतरावांना. व्यासरावांनी उपरणं तोंडात कोंबलं होतं आणि उपरण्याच्या वरचे दोन डोळे गाडग्याकडे बघत होते.

त्या डोळ्यांतली भीती अच्युतरावांनी ओळखली. न ओळखून करतात काय? सबंध थंडीभर ती त्यांच्याच आरशात राहत होती.

“द्या मालक,” हावगेप्पानं हात पुढे केला, “आंबील वाटतो समद्यांना. परसाद हाय.”

देऊन टाकायचं होतं गाडगं. दिलं असतं तर हावगेप्पानं पळी घातली असती, दात वर आले असते, आणि यापुढे लिंबाच्या काडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नसता. हा विचार अच्युतरावांच्या मनात आला, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या क्षणी त्यांनी गाडगं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि ते पळत सुटले. सरळ ज्वारीत. डोक्याइतकी वाढलेली ज्वारी, त्यात ते दिसेनासे झाले. त्यांच्या मागोमाग उपरणं सांभाळत व्यासराव पळाले.

“अप्पा!” सुकन्या किंचाळली.

“मारामारी करायलेत!” हावगेप्पानं जाहीर केलं.

आत, ज्वारीच्या पार मधोमध, दोघे निवृत्त गृहस्थ धापा टाकत समोरासमोर बसले. अच्युतरावांनी गाडगं पुढे केलं. व्यासरावांनी हात घातला, दोन्ही कवळ्या काढल्या, निथळल्या. मग त्यांना दिसलं की समोरचा माणूस आपल्या जबड्याकडे बोट दाखवून नुसता म्म म्म करतो आहे. इंजिनियर माणूस. जरा वाकून बघितलं.

“काय लावलंय?”

“म्म्क.”

“डिंक?” व्यासरावांचे डोळे विस्फारले. मग त्यांनी गाडगं उचललं, अच्युतरावांची मान तिरकी केली आणि ओठांच्या कोपऱ्यातून आंबट आंबील आत सोडायला लागले. “गुळणी करा. थुंका. परत.” तुंबलेला नळ मोकळा करावा तसं ते धीरानं काम करत होते. डिंक पघळला. खट्ट झालं. जबडा उघडला आणि वरची, खालची, दोन्ही कवळ्या ओंजळीत आल्या. अच्युतरावांनी इतका मोठा श्वास घेतला की आजूबाजूची कणसं हलली.

दोन्ही जोड व्यासरावांच्या उपरण्यावर शेजारी ठेवले गेले. दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग एकमेकांच्या बोळक्यांकडे पाहिलं.

“लिंबाची काडी,” व्यासराव म्हणाले.

“बाभळीची काडी,” अच्युतराव म्हणाले.

आणि मग जे हसू सुटलं ते आवरेना. हसता हसता अच्युतरावांना रडूही आलं, ते त्यांनी लपवलं नाही. “त्या दिवशी लाडू का हो खाल्ला न्हाई?” त्यांनी विचारलं. “माझ्या पोरीनं किती मनाला लावून घेतलं.”

“कसा खावा? शेंगदान्याचा एक कण खाली गेला की जीव जातोय माझा! चिवडा तर बगूनच घाम फुटला. तुमी मातर कराकरा खायलाला.”

“गिळायलालो. चावायला कुठं येतंय?”

बाहेरून सुकन्याची हाक आली, रडवेली. अच्युतराव उठले. कवळ्या उपरण्यावरच राहू दिल्या. तोंडात आता पडण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी गाडग्यात उरलेली आंबील ज्वारीच्या बुडाशी ओतली, व्यासरावांचा हात धरला आणि दोघांनी मिळून आरोळी दिली.

“ओलगे ओलगे!”

काय तो ‘ओ’! बिनदाताच्या तोंडातून तो असा वाटोळा निघाला की दोन बांध ओलांडून गेला. मग हावगेप्पाचा, प्रणेशचा, सगळ्यात वर सुकन्याचा आवाज आला, “सालम पलगे!”

दोघे बोळक्या तोंडांनी, हातात हात घालून ज्वारीतून बाहेर आले. नेत्रावतीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “मी कवापासून सांगायले, दाखवून घ्या म्हनून.” शारदाबाईंनी दुसऱ्या गाडग्यातली आंबील वाढली, भज्जी वाढली, उंडे कुस्करून दिले. मऊ जेवण. व्यासराव पोटभर जेवले, परत मागून जेवले. सुकन्या वाढत होती आणि तिचं हसू काही केल्या थांबत नव्हतं.

जेवता जेवता अच्युतरावांनी मल्लेश्वरीनं काय काय सांगितलं तेही सांगून टाकलं. जेवण झाल्यावर व्यासराव गंभीर झाले. “अच्युतराव, साखरपुडा म्हैनाभर लांबवू.”

अच्युतरावांच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. सकाळपासूनची सगळी भीती एका दमात परत आली. “कामून?” ते कसेबसे म्हणाले.

“हिरडी सावरायला येळ पायजे की! मग मापं घ्यायची, थर द्यायचा. फोटो निघणार, लाडू खावं लागणार.” व्यासराव जवळ सरकले आणि बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, “ती तुमची भालकीची डाक्टरीन म्हनं लई रागावती?”

“लई. त्यात मी कानस लावलीय.”

“मग संगंच जाऊ,” व्यासराव म्हणाले. “एकट्याला भ्या वाटतंय.”